नोकरी सोडतेय, आजारपणाचं काय करू?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, नाव-गाव आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे) :

मी ३८ वर्षांची आहे. १२ वर्षं नोकरी केली, आता राजीनामा दिलाय. नोटीस पिरियडचे पाच आठवडे उरलेत. त्यानंतर भाषांतर आणि सबटायटल्सची कामं स्वतंत्रपणे करणार आहे. नवरा चार वर्षांपासून फ्रीलान्स अ‍ॅनिमेशन करतो. मुलगी सहा वर्षांची आहे. आजवर आम्ही तिघंही माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होतो, त्यामुळे या विषयात कधी डोकं घालावं लागलं नाही. नवरा म्हणतो, आपण धडधाकट आहोत. वर्षभर विम्याचा हप्ता बँकेत टाकू आणि तेवढ्यात उपचार मोफत असलेल्या देशात, जर्मनीला किंवा ब्रिटनला, जाऊ. काम लॅपटॉपवरच तर करायचंय. बहीण अमेरिकेला बोलावतेय. तिथल्यासारखी हॉस्पिटलं जगात नाहीत असं तिचं मत. मला थायरॉइडची गोळी चालू आहे, नवऱ्याला तीन वर्षांपासून बीपीची. एजंट म्हणाला, ‘हे फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढेल.’ रोज यावरून खटके उडतात. आमच्यासारख्यांना कुठल्या देशाची आरोग्यव्यवस्था चांगली? आणि तेवढ्यासाठी देश बदलावा का?

*

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात पाच आठवड्यांचा उल्लेख ओझरता आलाय आणि देश कुठला निवडायचा हा प्रश्न ठळक. मी वाचताना मात्र त्या पाच आठवड्यांपाशीच थांबले. त्याकडे येतेच. पण देशांचा प्रश्नही टाळत नाही, कारण त्याच्या मुळाशी असलेला ‘मोफत’ हा शब्द मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या पत्रात भेटतो.

उपचार कुठल्याच देशात फुकट होत नाहीत. पैसे कोण भरतं, कधी भरतं आणि तुम्हाला आपलं माणूस म्हणून कशावरून मोजलं जातं, एवढंच बदलतं. काही देश विचारतात, तुम्ही इथे राहता का? काही विचारतात, तुम्ही कोणाकडे नोकरी करता? आणि काही विचारतात, तुम्ही पॉलिसी घेतलीत का? नोकरदार माणसाला यातलं काही कळावं लागत नाही. कंपनी त्याचं नाव नोंदवते, हप्ता कापते, बहुतेक ठिकाणी आपला वाटाही घालते. फ्रीलान्सरला हे सगळं स्वतःच करावं लागतं. तेव्हा ‘चांगला देश कुठला’ याच्या आधी विचारायला हवं, की त्या देशात नोकरी नसलेल्या माणसाला आत घेणारं दार कुठलं आहे आणि ते आपल्यासाठी उघडतं का.

जर्मनीचंच बघा. तिथे १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा आला आणि आजच्या व्यवस्थेचा पाया तोच आहे. सरकारी विम्याचा मूळ दर उत्पन्नाच्या १४.६ टक्के, शिवाय प्रत्येक विमासंस्थेची जादा वर्गणी. नोकरदार त्यातला अर्धा भाग देतो, अर्धा मालक. फ्रीलान्सर दोन्ही अर्धे स्वतः भरतो. (आजारपणाचा भत्ता नको असेल तर दर १४ टक्के, तेवढीच काय ती सूट.) एखादा महिना कोरडा गेला तरी ठरावीक किमान उत्पन्न धरूनच हप्ता आकारतात. मुलीचा वेगळा हप्ता बहुधा पडणार नाही, ही मोठी जमेची बाजू.

पण खरी अडचण दारातच आहे. युरोपबाहेरून थेट फ्रीलान्सर म्हणून गेलात, तर सरकारी विम्यात ऐच्छिक सभासद होण्यासाठी आधीचा सरकारी विम्याचा काळ मागतात, आणि तो तुमच्याकडे नसतो. मग उरतो खासगी विमा. तो प्रवेशाच्या वेळचं वय आणि तब्येत बघून हप्ता ठरवतो. म्हणजे तुमची थायरॉइडची आणि नवऱ्याची बीपीची गोळी दोन्ही हिशोबात धरली जातील. एकदा खासगीत गेलं की परतणं अवघड, आणि पंचावन्नीनंतर ते जवळजवळ अशक्य. कलाकार, लेखक, पत्रकार यांच्यासाठी मात्र १९८३ पासून क्युन्स्टलरझोत्सियालकासे नावाची एक सोय आहे. तिच्यात माणूस साधारण अर्धा हप्ता भरतो, उरलेला भाग सरकार आणि त्याची कामं विकत घेणाऱ्या कंपन्या मिळून भरतात. मालकाचा वाटा फ्रीलान्सरलाही मिळावा यासाठी एका देशाने मुद्दाम केलेली ही व्यवस्था मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या नवऱ्याचं अ‍ॅनिमेशन तिच्या व्याख्येत बसतं की नाही हे अर्ज केल्यावरच ठरेल. बसेल असं धरून सामान बांधू नका.

म्हणून जर्मनीला जायचंच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : तुमच्यापैकी एकाने आधी तिथे नोकरी घेऊन जावं. नोकरीमुळे सरकारी विम्यात प्रवेश मिळतो, आणि पुढे नोकरी सोडली तरी ऐच्छिक सभासद म्हणून तो चालू राहतो.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली तिथली राष्ट्रीय आरोग्यसेवा करांच्या पैशांवर चालते आणि रहिवास बघते, नोकरी नाही. फ्रीलान्सरच्या दृष्टीने यासारखी सोय नाही. पण बाहेरून येणाऱ्याला सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो : फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम, आगाऊ. तुम्हा तिघांना तीन वर्षांसाठी म्हणजे ८,५३८ पौंड, विमानात बसायच्या आधी. आणि निव्वळ फ्रीलान्स कामाच्या जोरावर तिथला व्हिसा मिळवण्याची वाट मुळातच अरुंद आहे.

एकदा आत गेलात की हृदयविकाराचा झटका, अपघात, कॅन्सर यात बिलाची चिंता नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण गुडघा, हर्निया, मोतीबिंदू अशा थांबू शकणाऱ्या उपचारांना रांग असते. डॉक्टरांनी पुढे पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं तिथलं ठरलेलं प्रमाण आहे. गेली अनेक वर्षं ते पाळलं गेलेलं नाही. पगारी माणूस त्या रांगेत रजा टाकून उभा राहू शकतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसून पोट भरणाऱ्याला मोतीबिंदूची रांग किती महाग पडेल, हा हिशोब तुम्ही दोघांनी करायला हवा.

अमेरिकेत विमा नोकरीला का चिकटला, यामागे एक जुनं कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तिथे पगारवाढीवर सरकारी बंधन आलं. पगार वाढवता येईना, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्या विमा देऊ लागल्या. युद्ध संपलं, पण प्रथा आणि तिला मिळालेली करसवलत राहिली. नोकरी नसलेला माणूस कित्येक दशकं उघड्यावर होता. २०१० च्या कायद्याने ते बदललं, आणि २०१४ पासून जुना आजार आहे म्हणून विमा नाकारता येत नाही. तुमच्या दोन गोळ्यांच्या दृष्टीने जर्मनीतल्या खासगी विम्यापेक्षा हे बरं. पण नोंदणीची खिडकी वर्षातून एकदाच, १ नोव्हेंबरपासून, उघडते. एरवी नोकरी गेली, घर हललं असं कारण लागतं, आणि त्यालाही बहुधा ६० दिवसांचीच मुदत. हप्त्यात मिळणारी सरकारी मदत वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर ठरते आणि अंदाज चुकला तर फरक करविवरणात चुकता करावा लागतो. ज्याला पुढच्या महिन्याचं उत्पन्न सांगता येत नाही त्याने वर्षाचं सांगायचं! शिवाय हप्ता भरून खर्च संपत नाही : आधी ठरावीक रकमेपर्यंतचं बिल आपलं, मग काही टक्के आपले, आणि डॉक्टर कंपनीच्या यादीतलाच हवा. बहिणीचं हॉस्पिटलांबद्दलचं मत खरं असेल. पण ती कदाचित नोकरीतल्या विम्यावर बोलतेय. तिला एकदा विचारा. आणि तिच्याकडे पाहुण्यांच्या व्हिसावर जाऊन कामं करता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

बाकी देशांत फार शिरत नाही, पण प्रत्येकाचा एक कोपरा सांगते. नेदरलँड्समध्ये २००६ पासून प्रत्येक रहिवाशाला चार महिन्यांच्या आत मूळ विमा घ्यावाच लागतो आणि कंपनीला वय किंवा आजार बघून नाही म्हणता येत नाही, हप्ताही वाढवता येत नाही. मुलांना हप्ता नाही. स्वित्झर्लंडमध्ये नोकरदाराचा अपघात विमा मालकामार्फत असतो, म्हणून फ्रीलान्सरने आरोग्य विम्यात अपघाताचा भाग आठवणीने घालायचा. जपानमध्ये स्वतंत्र काम करणाऱ्यांचा विमा नगरपालिका चालवते आणि हप्ता गेल्या वर्षीच्या कमाईवर ठरतो. भरभराटीच्या वर्षामागून पडतं वर्ष आलं की मोठा हप्ता नेमका त्या पडत्या वर्षात भरावा लागतो. कॅनडाचा १९८४ चा कायदा डॉक्टर आणि हॉस्पिटल यांची हमी घेतो, पण घरी रोज घ्यायच्या गोळ्या त्यात येत नाहीत. तुमच्या घरात नेमक्या त्याच चालू आहेत.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. आजारपणाची बिलं दोन असतात. एक उपचाराचं, दुसरं बंद पडलेल्या कमाईचं. मी १७ वर्षं फ्रीलान्स काम करतेय. नवव्या वर्षी माझं उजवं मनगट मोडलं. शस्त्रक्रियेचं बिल विम्याने भरलं, मला जेमतेम काही द्यावं लागलं. पण पुढचे सात आठवडे हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने एकेक अक्षर टाइप करायचे. देवनागरीत निम्मी अक्षरं शिफ्ट दाबून येतात, आणि शिफ्ट दाबून धरायला दुसरा हात नव्हता. रोजच्या दहा पानांचं जेमतेम एक पान झालं. दोन क्लायंट दुसरीकडे गेले, त्यातला एक परत आला नाही. हॉस्पिटलचं बिल मी कधीच विसरले. त्या सात आठवड्यांचं नुकसान भरून यायला वर्ष गेलं.

हे दुसरं बिल ‘मोफत’ देशातही तुमचंच असतं. ब्रिटनमध्ये मालकाकडून मिळणारा कायदेशीर आजारपणाचा पगार फक्त नोकरदारांना आहे. नेदरलँड्समधल्या फ्रीलान्सरांनी २००६ पासून यावर आपणच तोडगा काढलाय. एकमेकांना ओळखणारे २० ते ५० जण गट करतात, प्रत्येक जण दरमहा ठरलेली रक्कम बाजूला टाकतो, आणि कोणी महिन्याहून जास्त आजारी पडलं की बाकीचे त्याला थोडे थोडे पैसे भेट देतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्याला ते ब्रूडफोंड्स म्हणतात, म्हणजे पावाचा निधी. तुमच्या ओळखीत स्वतंत्र कामं करणारे विश्वासाचे दहा-पंधरा जण असतील, तर कुठल्याही देशात असलात तरी ही कल्पना मनात घोळवून बघा.

तुमच्या नवऱ्याचा बचतीचा विचार मला चुकीचा वाटत नाही, फक्त तो त्या दुसऱ्या बिलासाठी योग्य आहे. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे हाताशी असावेत, जरूर. पण मोठ्या आजारपणाला ती रक्कम पुरणार नाही. वर्षभर हप्ता साठवला तर वर्षाच्या शेवटी हातात एका हप्त्याएवढेच पैसे असतात, आणि आजार दुसऱ्याच महिन्यात येऊ शकतो. हप्ता खरंच झेपत नसेल, तर मधला मार्ग आहे : सुरुवातीचा ठरावीक खर्च आपण करायचा आणि त्यापुढचा कंपनीने, अशी पॉलिसी घ्या. हप्ता उतरतो, लहान बिलं बचतीतून जातात, मोठं बिल अंगावर येत नाही.

आणि ‘धडधाकट’ या शब्दाबद्दल. विमा मिळतो तो धडधाकट असतानाच. शिवाय तुमच्या घरात आत्ताच दोन गोळ्या आहेत. वर्षभर खंड पडला तर बऱ्याच ठिकाणी आजवर भरलेला वेटिंग पिरियड (जुन्या आजारांचा खर्च मिळू लागण्याआधी थांबायचा काळ) पाण्यात जातो आणि वर्षाने वय वाढलेलं असताना नव्याने सुरुवात करावी लागते.

एजंटचं मात्र अजिबात ऐकू नका. कल्पना करा, रात्री दोन वाजता नवऱ्याला छातीत दुखतंय म्हणून तुम्ही हॉस्पिटलात गेलात. ड्युटीवरची तरुण डॉक्टर विचारते, ‘बीपी आहे? किती वर्षं?’ तुम्ही म्हणता, तीन. खरंच सांगायला हवं, उपचार त्यावर अवलंबून आहेत. ती केसपेपरवर लिहिते : तीन वर्षांपासून उच्च रक्तदाब. तोच कागद क्लेमसोबत विमा कंपनीकडे जातो, आणि तिथे तुमचा प्रपोजल फॉर्म त्याच्या शेजारी ठेवला जातो. एजंट त्या टेबलाशी नसतो. थायरॉइड आणि बीपी दोन्ही लिहा, गोळीच्या नावासकट, निदानाच्या वर्षासकट. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या.

तेव्हा देश बदलावा का? केवळ आरोग्यव्यवस्थेसाठी, मला विचाराल तर, नको. काम, मुलीची शाळा, भाषा, माणसं यांसाठी जावंसं वाटत असेल तर खुशाल जा, आणि निघण्याआधी त्या देशाच्या बाबतीत या गोष्टी लेखी विचारून घ्या : पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे की काही महिन्यांनी, जुन्या आजारांचं काय, हप्ता कुठल्या वर्षाच्या कमाईवर, व्हिसा संपला तर काय. दूरस्थ काम करणाऱ्यांना व्हिसा देणारे बरेच देश खासगी विमा मागतात. प्रवास विमा त्यासाठी पुरेल असं समजू नका. तो अचानक उद्भवलेल्या प्रसंगापुरता असतो आणि जुने आजार बहुधा वगळतो.

तुमच्या रोजच्या खटक्यांबद्दल एकच सांगते. गेली चार वर्षं तुमचा नवरा निर्धास्तपणे फ्रीलान्स करू शकला, कारण घरात तुमची नोकरी होती. तोच तुमचा विमा होता. आता पहिल्यांदाच दोघंही एका वेळी त्याबाहेर येताय. त्याला तो फरक अजून जाणवला नसेल, आणि तुम्हाला जाणवतोय पण नेमका शब्द सापडत नसेल. ‘तुला पटतच नाही’ म्हणण्यापेक्षा चार वर्षांत तुमच्या पगारातून किती हप्ता कापला गेला आणि किती क्लेम झाले, याचा कागद काढून दोघं एकत्र बघा. आणि दोघांपैकी कोणी वर्षभर विम्यासकट अर्धवेळ नोकरी धरू शकतं का, हाही पर्याय बोलून बघायला लाज वाटू देऊ नका.

आता ते पाच आठवडे. ग्रुप पॉलिसी बऱ्याचदा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपते, महिनाअखेर नाही. एचआरला ईमेलवर विचारा, नेमकी कुठल्या तारखेपर्यंत. भारतातली पॉलिसी असेल, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली मागता येते आणि आजवरचा वेटिंग पिरियड धरला जातो. अर्ज नोकरीत असतानाच करा. २०२४ पासून जुन्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड तिथे जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. पॉलिसीत खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का ते आवर्जून बघा; महागडी खोली घेतली तर बऱ्याचदा डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया असं बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. अमेरिकेत असाल तर कंपनीचाच विमा पूर्ण हप्ता स्वतः भरून बहुधा १८ महिने चालू ठेवता येतो. दुसऱ्या कुठल्या देशात असाल, तरी प्रश्न तोच विचारा : नोकरी सुटल्यावर किती दिवसांत, कुठल्या कागदावर?

नवी पॉलिसी सुरू झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुनी संपू देऊ नका. मधे एक दिवसही नको. विमा चालू असल्याचं प्रमाणपत्र, तिघांच्या नावाची पॉलिसीची प्रत आणि जुन्या क्लेमचे कागद आजच स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप परत केलात की कंपनीचा ईमेल बंद होतो, आणि हे सगळं बहुधा त्याच इनबॉक्समध्ये असतं.